तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

१

मित्रोवदानच्या सकाळी गोर्दाना उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन नवऱ्याच्या खोलीत गेली. घराण्याच्या संताचा सण होता, दुपारी माणसं येणार होती. आजारी नवऱ्याच्या हातून गव्हावर साखर भुरभुरून घ्यावी, एवढंच तिच्या मनात होतं. तिने भिंतीलगतच्या टाकीचा दिवा लावला आणि ताट हातात धरून ती तशीच उभी राहिली.

तीनशे लिटरच्या त्या काचेच्या टाकीत चार महिने खपून एक समुद्र वाढवला होता. आता तांबड्या पाठीची कोळंबी वाळूत उताणी पडली होती. गोगलगायी कलंडल्या होत्या. कालपर्यंत निदान अर्धी उघडी असलेली पोवळी आक्रसून राखाडी झाली होती. आणि या सगळ्या मढ्यांवरून दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, काही झालंच नाही अशा थाटात फिरत होते.

नवरा, द्रागुतिन, उशीला टेकून जागाच होता. त्याच्या फुप्फुसांत आता फारसं काही उरलं नव्हतं. डॉक्टर नाताळचा विषय निघाला की दुसरंच काही बोलत. तो टाकीकडे बघत नव्हता, खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत होता.

"वेल्याने औषधाचं माप चुकवलं," तो म्हणाला. "दुसरं काही नाही."

वेल्या म्हणजे वेलिमिर. गावात शोभेच्या माशांचं एकच दुकान होतं, ते त्याचं. ही टाकी पहिल्या दगडापासून त्यानेच उभी करून दिली होती. मित्रोवदानला कुणाला आमंत्रण देत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवल्याचं पोझेगा गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. वेलिमिर दुपारी वाइनची बाटली घेऊन आला तेव्हा गोर्दानाचा भाऊ नेनाद दारात आडवा उभा राहिला. "मरणाऱ्या माणसाच्या घरात विष कालवून वर जेवायला आलास?" असं तो भरल्या घरासमोर म्हणाला. वेलिमिरने बाटली उंबऱ्यात ठेवली आणि तो जिना उतरून गेला.

संध्याकाळपर्यंत गावात त्या गोष्टीला शेपूट फुटलं होतं. आता लोक म्हणत होते की माप चुकलेलं नाही, वेलिमिरचा गोर्दानावर डोळा आहे.

२

नेवेन्का स्तानोयलोविच पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होती, त्यातली शेवटची बारा प्रमुख म्हणून. नगराध्यक्ष स्वतः येऊन बसले तरी तिने कधी आकडा बदलून लिहिला नव्हता, आणि त्यामुळे तिच्या निरोपसमारंभाला फार कुणी आलं नव्हतं. आता लोक तिच्याकडे विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणत. ती ते तपासून त्यांना ऐकायला नको असलेलं तेच सांगत असे.

सणानंतर चौथ्या दिवशी वेलिमिर आला. बाटली वगैरे काही आणली नव्हती. चौतीस वर्षांचा माणूस, पण खुर्चीच्या कडेवर असा बसला की कुणीही उठवावं.

दुकानात चार दिवसांत एक गिऱ्हाईक फिरकलं नाही, हे त्याने सांगितलं. पण तो त्यासाठी आला नव्हता.

"मावशी, दुकानाचं काय व्हायचं ते होईल. पण द्रागुतिनकडे फार दिवस नाहीत. मी त्याचा समुद्र मारला असं मनात धरून तो जायला नको. एवढं बघा माझ्यासाठी."

"मारलास का?"

"नाही. शपथ घेतो."

"शपथा देवळात घे. मला पहिल्या दिवसापासून काय काय केलंस ते सांग."

त्याने सांगितलं. द्रागुतिन वीस वर्षं जहाजांवर होता, पण इंजिनच्या खोलीत. बॉयलर, वाफ, जहाजाचं पिण्याचं पाणी हे सगळं त्याच्याकडे. समुद्रावर आयुष्य काढलं आणि समुद्र बघायचा राहिला, असं तो हसत म्हणायचा. अंथरुणाला खिळल्यावर त्याने वेलिमिरला बोलावून घेतलं. जुलैत टाकी मांडली. नळाचं पाणी चालत नाही, अगदी शुद्ध पाण्यात मीठ कालवावं लागतं. मग खडक ठेवले आणि सहा आठवडे आत काहीही सोडलं नाही. पाणी स्वतःचं स्वतः मुरेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पहिलाच जीव गुदमरून मरतो. द्रागुतिन चिडायचा. माझ्याकडे सहा आठवडे आहेत का, विचारायचा. तरी वेलिमिरने घाई केली नाही. मग गोगलगायी, कोळंबी, पोवळी. मासे सगळ्यांत शेवटी.

"नवे मासे रोग घेऊन येतात. म्हणून चार आठवडे स्वयंपाकघरात छोट्या टाकीत वेगळे ठेवले, तांब्याचं औषध दिलं. एक नोव्हेंबरला बाहेर काढले. दोन तास थेंब थेंब नवं पाणी घालत त्यांना सवय केली, जाळीने उचलून मोठ्या टाकीत सोडले, आणि जुनं पाणी मोरीत ओतलं. त्यातला थेंब आत जाऊ दिला नाही."

"औषध तूच घालायचास?"

"गोर्दाना. मी फक्त बाटलीवर खूण करून दिली होती. ऑक्टोबरभर आई उझित्सेच्या हॉस्पिटलात होती, मी आठवड्यातून एकदा डोकावायचो. पाणीसुद्धा पोचवणं जमेना, औषधाच्या दुकानातून आणा म्हटलं."

नेवेन्काने सिगारेट विझवली. "कोळंबी, गोगलगायी, पोवळी मेली, आणि मासे ठणठणीत. पाणी तापलं असतं, सडलं असतं, कुणी साबण ओतला असता, तर मासे आधी गेले असते. बाकी सगळ्यांना मारतं आणि माशांना सोडतं, असं तांबंच. आणि त्या घरात तांबं कुठे आहे? तुझ्या बाटलीत."

वेलिमिरने मान खाली घातली. "तेच तर सगळे म्हणतायत, मावशी."

३

द्रागुतिनच्या घराचं दार नेनादने उघडलं. हा नळकामगार, आवाजाने मोठा. बहिणीच्या घरावर आपली सत्ता आहे असं धरून चालणारा.

"पोलिसात भरती झालात का बाई?"

"या वयात घेत नाहीत. तू न्हाणीघरातले पाइप कधी बदललेस?"

ऑक्टोबरात, त्याने सांगितलं. तांब्याचे? हो, तांब्याचेच, तो काय प्लास्टिक बसवणाऱ्यांतला वाटला का. नेवेन्काने मान डोलावली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पाहिला. पण टाकीत नळाचं पाणी एक तांब्याही गेलं नव्हतं, हे गोर्दानाने आणि नंतर द्रागुतिनने एकमेकांच्या अपरोक्ष सांगितलं. तेव्हा पाइप सुटले, आणि नेनादही. त्याला ते आवडल्यासारखं दिसलं नाही. त्याला निदान संशय घेण्याइतकं महत्त्व हवं होतं.

गोर्दानाने कॉफी मांडली. तिचे हात खरखरीत झाले होते आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. गावातलं बोलणं तिच्या कानावर होतंच. ती म्हणाली, वेलिमिरने तिच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं, या घरात वर्षभर तिच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. हे ती रागाने बोलली नाही, भाजी महाग झाली म्हणावं तसं बोलली.

औषधाची निळी बाटली अजून स्वयंपाकघराच्या फळीवर होती. तिच्या अंगावर वेलिमिरने मार्करने रेघा ओढल्या होत्या, एकेका आठवड्याची एकेक. सिरिंज शेजारी. नेवेन्काने बाटली खिडकीशी धरली. पातळी चौथ्या रेघेवर बरोबर टेकली होती, ना वर ना खाली. कुणी पाणी मिसळून पातळी भरून काढली असती तर रंग फिकटला असता. तोही फिकटला नव्हता. दोन पाण्यांच्या रंगांतला फरक ओळखण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

म्हणजे बाटलीतून मोठ्या टाकीत काही गेलंच नव्हतं.

"मोठ्या टाकीची काच कोण पुसायचं?" तिने विचारलं.

"पुसावीच लागायची नाही. गोगलगायी सगळं शेवाळ खायच्या. पण मग काच हिरवी व्हायला लागली. मी आपली रोज पुसायची."

"कधीपासून?"

गोर्दानाने आठवायला वेळ घेतला. सासरे आलुबुखाराची रकिया, म्हणजे घरची दारू, काढून मोकळे झाले, त्याच्या पुढच्या आठवड्यात. ऑक्टोबरचा मध्य. तिला वाटलं होतं, थंडीने गोगलगायी आळसावल्या.

नेवेन्काने कप खाली ठेवला. मासे मोठ्या टाकीत सोडले एक नोव्हेंबरला. गोगलगायींनी खाणं सोडलं त्याच्या पंधरा दिवस आधी. वेलिमिरने जाळी आत घातली, त्याआधीच ती टाकी मरायला लागली होती.

४

द्रागुतिनच्या खोलीत त्याचा बाप बोगोसाव मुलाची दाढी करत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा. गावाबाहेर त्याचं घर, आलुबुखाराची बाग, एक गाय. रोज सकाळी बसने यायचा आणि तीन मजले चढायचा. वस्तरा धरलेला हात जरासुद्धा हलत नव्हता.

नेवेन्काने मोरचूद ठेवता का विचारलं, तेही तांब्याचंच. बाग असलेल्या घरात मोरचूद नाही असं होत नाही. तो म्हणाला, ठेवतो, पण मार्चमध्ये फवारतो, आणि पिशवी शेडमध्ये कुलुपात असते. मग त्याने मुलाच्या हनुवटीवरचा फेस पुसला.

"त्या वेल्याला मी माझ्या हाताने वाढलंय, बाई. माझ्या मुलाने त्याला भावासारखा धरला. चूक होते माणसाची. पण कबूल तर करावी. गावभर नाही म्हणत हिंडतोय."

द्रागुतिनने डोळे मिटले होते. म्हाताऱ्याने भांडं-वस्तरा आवरला, मुलाच्या पायावरची गोधडी नीट केली आणि तो बाहेर गेला.

इंजिनच्या खोलीतल्या माणसाला नोंदवही सुटत नाही. द्रागुतिनची वही उशीखाली होती, टाकीच्या रोजच्या नोंदींची. नेवेन्काने मागितली तेव्हा त्याने क्षणभर थांबून दिली. तापमान, मीठ, कोण काय खातं, शुक्रवारी किती पाणी बदललं, ते कुठून आलं. अक्षर जुलैत ठसठशीत, सप्टेंबरात थरथरतं, दिवसाला जेमतेम एक ओळ. दहा ऑक्टोबरला नोंद होती: "तीस लिटर. वेल्या येऊ शकत नाही. बाबा आणणार." त्याच्या पुढचं पान नव्हतं. ब्लेडने कापलेलं होतं, शिवणीलगत, अगदी सरळ. त्यापुढची पानं कोरी.

"हे कुणी कापलं?"

"माहीत नाही," द्रागुतिन म्हणाला.

वही उशीखाली असते. जो माणूस त्या उशीवरून महिनाभर उठलेला नाही, त्याला माहीत नाही. नेवेन्काने वही परत दिली.

जाता जाता ती न्हाणीघरात शिरली. कोपऱ्यात दहा लिटरचे रिकामे कॅन रचले होते. कशावरही दुकानाचा कागद नव्हता. एकाच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. तिने झाकण काढून वास घेतला. औषधाच्या दुकानातल्या पाण्याला वास नसतो. या पाण्याला अगदी पुसट, पण आलुबुखाराचा वास येत होता.

५

प्रयोगशाळेत आता तिच्या जागी तिनेच शिकवलेली मुलगी बसत होती. नेवेन्काने बाटल्यांत भरून नेलेलं टाकीचं पाणी आणि कॅनच्या तळचं पाणी, दोन्हींचा निकाल तिने दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत दिला. दोन्हींत तांबं. कॅनमध्ये जास्त.

नेवेन्का बाराला द्रागुतिनच्या खोलीत होती. गोर्दाना कामावर, म्हातारा शुक्रवारी पाणी घेऊन उशिरा यायचा. तिने दार लावलं आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मी सांगते, तू ऐक. थांबवावंसं वाटलं तर थांबव," ती म्हणाली. "वेल्याने सांगितलं, औषधाच्या दुकानातून पाणी आणा. गोर्दानाने ते काम सासऱ्यांवर सोपवलं. बोगोसावकाकांच्या मनात आलं असणार, पाणी काय विकत आणायचं? घरात रकियाची भट्टी आहे. पाणी उकळायचं, वाफ नळीतून थंड करायची, त्याहून शुद्ध पाणी काय असतं. रकिया काढून झालीच होती. मुलासाठी काढायचं म्हणून भांडं आणि नळी व्हिनेगरने घासून घासून लखलखीत केली असणार. तांब्याचं भांडं, तांब्याची नळी, वर व्हिनेगर, तांबं पाण्यात उतरणारच. दर शुक्रवारी तीस लिटर, शिवाय रोज आटलेलं भरायला थोडं थोडं. आधी गोगलगायी मंदावल्या, मग सगळंच गेलं. मासे राहिले. नवे मासे नेमके त्याच आठवड्यात आत गेले, म्हणून खापर वेल्यावर फुटलं."

द्रागुतिनने थांबवलं नाही.

"आणि जहाजावर वीस वर्षं पाणी गाळणाऱ्याला हे एका मिनिटात कळलं असणार. तुला कधी कळलं?"

सणाच्या आदल्या संध्याकाळी, तो म्हणाला. बाबा छाती फुगवून सांगत होते: औषधाच्या दुकानातलं नाही, मी स्वतः काढलंय, एकेक कॅन तीनदा गाळून. त्याने सवयीने ते वहीत लिहिलं. लिहून झालं आणि हातातलं पेन थांबलं. रात्रभर तो टाकीकडे बघत पडला. पहाटे त्याने उशाशी ठेवलेल्या दाढीच्या ब्लेडने पान कापलं आणि चावून गिळलं, कारण फेकायला उठता येत नव्हतं.

"का?"

"आई गेल्यावर त्याला फक्त मी आहे, मावशी. मी गेलो की तो त्या घरात बसून मोजत राहील. माझ्यासाठी काय काय केलं ते. शेवटचं त्याला हे सापडलं, तर तो वसंतापर्यंत टिकायचा नाही. वेल्या तरुण आहे. निभावून नेईल."

नेवेन्काला राग आला. आजारी माणसावर रागवायचं नसतं वगैरे तिला ठाऊक होतं, पण आला.

"वेल्या माझ्याकडे आला होता. दुकान वाचवा म्हणाला नाही. तू ते खरं मानून जाऊ नयेस, एवढंच म्हणाला. आणि तू पहिल्या दिवसापासून जाणतोस की त्याने काही केलं नाही."

द्रागुतिनच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. पुसायला हात उचलला नाही. "मी गेल्यावर सांगा त्याला," तो म्हणाला.

"तू गेल्यावर तू सांगितलंस असं कशावरून मानेल तो? मी कुणाला काही सांगणार नाही. तुझ्या बापालाही नाही. पण वेल्याला आज चार वाजता मी इथे आणणार आहे, आणि त्याला तू सांगायचंस. जमत नसेल तर आत्ता सांग, म्हणजे मी बोगोसावकाकांची वाट बघत जिन्यात उभी राहते."

खोलीत टाकीचा पंप तेवढा चालू होता. नारिंगी मासे काचेशी येऊन थांबले. त्यांची खायची वेळ झाली होती.

"आणा त्याला," द्रागुतिन म्हणाला.

६

वेलिमिर आत गेला आणि दार लागलं. नेवेन्का स्वयंपाकघरात बसली. आतून फक्त खोकला ऐकू येत होता, मधूनमधून द्रागुतिनचा तुटक आवाज, आणि वेलिमिरचा तर अजिबात नाही. बाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं, धुक्यात समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. आपण केलं ते बरोबर की चूक, हे तिला कळेना. प्रयोगशाळेत असं कधी होत नसे. तिथे आकडा यायचा आणि काम संपायचं.

वीसेक मिनिटांनी वेलिमिर बाहेर आला आणि तिच्यासमोर बसला.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणाला."

"हो."

"मला वाटलं होतं, मी चिडेन. चिडेन बहुतेक, उद्या-परवा." त्याने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. "आत्ता नुसतं हलकं वाटतंय. त्याने माझा हात धरला होता सगळा वेळ. टाकी आता पुन्हा मांडायची नाही म्हणतो. मासे आहेत तेवढे पुरेत त्याला बघायला."

जिन्यावर पावलं वाजली. एक एक पायरी, मध्ये थांबत. दार उघडून बोगोसाव आत आला, दोन्ही हातांत दहा-दहा लिटरचे कॅन, कपाळावर घाम. बाकीचं सगळं मेलं असलं तरी मासे होते, आणि शुक्रवार होता, म्हणून त्याने पाणी आणलं होतं. वेलिमिरला पाहून त्याने कॅन दारातच खाली ठेवले.

वेलिमिर उठून उभा राहिला. नेवेन्काला वाटलं, आता हा निघून जाईल. तो गेला नाही.

"मीच केलं, काका," तो म्हणाला. "माप चुकलं. कबूल करायला हवं होतं, केलं नाही. माफ करा."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो नेवेन्काकडे वळला. "तुला नाही विचारत. बाईंना विचारतो. बाई, तुम्ही पाणी तपासलंत. तुम्ही आयुष्यात खोटा आकडा दिला नाहीत असं गाव म्हणतं. यानेच केलं का?"

तो हे विचारताना दाराची चौकट धरून उभा होता, आणि तिच्या लक्षात आलं की त्याचा हात थरथरतोय. दाढी करताना जो हात हलला नव्हता तो.

"मी रात्री झोपत नाही, बाई," तो हळू म्हणाला. "मनात येतं, मी पाणी घरी काढून दिलं. त्यातच काही राहिलं असेल का? ही शंका पोराला बोललो नाही. कुणालाच बोललो नाही. तुम्ही सांगा, म्हणजे एकदाचं कळेल."

वेलिमिर तिच्याकडे बघत होता. त्याने मानेने खूण केली नाही, विनवणी केली नाही. फक्त बघत राहिला.

एकतीस वर्षं, नेवेन्काला वाटलं, आणि आता हे.

"औषध," ती म्हणाली. "बाटलीतलं. मुद्दाम नाही, काका. माप चुकलं, तो म्हणतो तसंच."

म्हातारा स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही तळहातांत तोंड घातलं. वेलिमिर पुढे झाला, त्याने दारातले दोन्ही कॅन उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवले आणि परत येऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"पाणी चांगलंच होतं, काका. मला दुकानात मिळत नाही इतकं चांगलं."

"ते कळलं," बोगोसाव म्हणाला. त्याने डोळे पुसले. आता त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, शेतकऱ्याचा, सरळ. "चूक होते. देव तुला क्षमा करो, मीही करीन कधीतरी. पण माझा मुलगा आहे तोवर या घरात पाऊल ठेवू नकोस. तुला पाहिलं की त्याला त्रास होतो."

वेलिमिरने खुर्चीवरचं जाकीट उचललं.

"बरं, काका," वेलिमिर म्हणाला, आणि गेला.

तिन्ही मजले उतरेपर्यंत त्याची पावलं वर ऐकू येत होती. द्रागुतिनच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं, तेव्हा बापाचं बोलणं आणि ती पावलं, दोन्ही त्याला आत ऐकू गेली असणार. त्याने हाक मारली नाही.